बुडबुडे थांबेपर्यंत

प्रयागबाईनं पोत्यातून काढून
ओट्यावर ठेवला हातभर तुळईचा तुकडा.
“खुरप्याच्या मुठी करून द्या मिस्तरी.
दोन निघतील. एक सुनंला.”

मी अंगठा दाबला, तर नख आत गेलं.
भुंग्यानं खाऊन पीठ केलेली बाभूळ,
गाभा तेवढा दगड.
म्हणलं, बाई, आठवडी बाजारात
तयार मूठ मिळती पन्नास रुपयाला.
“मिळती की,” ती म्हणाली, आणि हलली नाही.
“कुठलं लाकूड?”
“जुन्या गावातलं.”
औसा तालुक्यात एवढं सांगितलं की
पुढचं कुणी विचारत नाही.
साल तर नाहीच.

मी मूळचा फ्रिजवाला.
पंप म्हणजे भंगारातला कंप्रेसर,
टाकी म्हणजे लग्नात आलेला दहा लिटरचा कुकर,
झाकणाच्या जागी जाड ॲक्रिलिक,
आणि गंजगोलाईतून आणलेला जुना ओव्हन,
ज्यात आता कधीच नानकटाई होणार नाही
असं शाहेदानं दोनदा सांगितलंय.

आधी वाळवण.
कोरडं ठणठणीत दिसलं तरी
लाकडात पाणी असतंच.
शंभराच्या वर तापवायचं, काढायचं, तोलायचं:
चारशे बारा.
तीनशे अठ्ठ्याण्णव.
तीनशे एक्याण्णव.
तीनशे एक्याण्णव.

मग रंग. काळा दाखवला, तपकिरी, लाल.
लाल तिनं हातानंच बाजूला सारला.
“आम्ही चुन्यात नीळ घालून भिंती सारवायचो
दिवाळीला. तसला.”
रेझिनमध्ये मी निळा थेंब थेंब टाकत गेलो.
“आणिक,” म्हणाली. “आणिक.” मग “बास.”
मग म्हणाली, गडद झालं.
लाकडात जाऊन फिकं पडतं, बाई.

पंप लावला. काटा खाली गेला
आणि लाकूड उकळायला लागलं.
विस्तव नाही, रेझिन थंडगार, तरी उकळी.
भुंग्याच्या एकेका बिळातून
बुडबुड्यांची माळ.
ती वाकली. “हे काय निघतंय?”
हवा. आत अडकलेली.
“कधीची?”
गॅसचं विचारा, प्रेशरचं विचारा, सांगतो.
लाकूड हवा घेतं, सोडतं,
तेव्हा कालचीही असेल.
तसं म्हणायला पाहिजे होतं.
मी नुसतं “जुनी” म्हणालो.

तिथून ती स्टुलावरून उठली नाही.

साडेसहाला लाइट गेली.
काटा परतला, बुडबुडे थांबले.
“झालं?”
नाही. हे थांबणं खोटं.
अंधारात ती एवढंच बोलली
की निळीची पुडी तेव्हा चार आण्याला यायची,
आणि एका पुडीत दोन खोल्या होत.
एसटी गेली. शाहेदानं भाकरी वाढली.
नऊला लाइट आली,
आणि ते परत सुटले, पहिल्यासारखेच.

अकराला शेवटचा बुडबुडा.
नंतर आणखी एक.
नंतर बराच वेळ काही नाही.
मी हवा आत सोडली.
आता ओढून घेणं लाकडाचं काम,
जिथं जिथं रिकामं आहे तिथं.

फॉइलमध्ये गुंडाळून नव्वदवर भाजलं,
कापलं, घासलं.
गाभ्यानं रंग घेतला नाही.
चांगलं लाकूड घेतच नाही,
ही माझी जुनी तक्रार आहे.
खाल्लेली बाजू मात्र निळी,
पोपडे धरलेल्या भिंतीसारखी, कुठं दाट, कुठं उडालेली.
आता अंगठा दाबला तर अंगठा दुखतो.

पाती बसवून दिली. तिनं घासाघीस करून
शंभर कमी केले, मोजून दिले,
सोयाबीनमध्ये तण माजलंय म्हणाली, गेली.

परवा तिचा फोन.
सुनंच्या हाताला मूठ जाड होती.
तासून द्याल का?
देतो, म्हणलं, पण निळं जाईल, बरंचसं.
पलीकडं थोडा वेळ नुसता
कुणाच्या तरी मोटरचा आवाज.
“जाऊ द्या,” म्हणाली.
“हाताला बसली पाहिजे.”